कौल, कोबा आणि सरस

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपली जुनी माणसे सांगून गेली. बांधलेले घर वर्षानुवर्षे राखून पाहावे, असे मात्र कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. वास्तविक बांधणे हे आयुष्यात एकदाचे आणि राखणे हे दर वर्षाचे. पण इतिहासाचीही तीच तऱ्हा आहे. वाडा कोणी बांधला, केव्हा बांधला, त्याला खर्च किती आला, हे कागदोपत्री सापडते. त्या वाड्याची भुई कोण सारवीत होते आणि मृगाच्या आधी छपरावर कोण चढत होते, याची बखर कोणी लिहिलेली नाही. दिवाळीच्या तोंडावर घरोघर डागडुजी निघते, तेव्हा मला या न लिहिलेल्या बखरीची आठवण होते. घर नीट राखण्यासाठी नवनवी साधने गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत आपल्याकडे आली. त्या प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारून पाहतो: बाबा रे, तुझ्या येण्याने नेमके कष्ट कोणाचे वाचले?

छपरापासून आरंभ करू. कोकणात आणि देशावरही जुने कौल म्हणजे कुंभाराचे नळीचे कौल. अर्ध्या नळीसारखा त्याचा आकार. एक ओळ उताणी, तिच्यावर दुसरी ओळ पालथी. त्यांना एकमेकांत अडकवणारे काहीही नाही. वारा, माकडे, मांजरे, वरून पडलेला नारळ, जो येईल तो त्यांना जागचे हलवून जाई. म्हणून दर वैशाखात घर शाकारावे लागे. सगळी कौले उतरवायची, कचरा झाडायचा, फुटकी बाजूला काढायची आणि पुन्हा आढ्यापर्यंत रचीत जायचे. पुरुषमंडळी वर, बायका आणि मुले खाली कौले पोचवायला. एवढे करूनही आर्द्रा नक्षत्रात माजघरात तांब्यापातेली मांडून ठेवण्याची पाळी येई, ती गोष्ट वेगळी.

या कष्टांवर उतारा निघाला तो फार लांबच्या देशात. फ्रान्समधील अल्सेस प्रांतात आल्टकिर्श नावाचे गाव आहे. तेथील जिलार्दोनी बंधूंनी १८४१ साली एकमेकांत गुंतणाऱ्या चपट्या कौलांचे पेटंट घेतले. कौलाच्या एका कडेला खाच, दुसऱ्या कडेला तिच्यात बसणारी कड. युक्ती एवढीच, पण तीमुळे कौले दुहेरी रचण्याची गरज उरली नाही, कौले कमी लागू लागली आणि छपरावरचे ओझेही उतरले. अशा धर्तीची कौले आपल्या किनाऱ्यावर प्रथम मोठ्या प्रमाणावर घडली ती मंगळूरच्या जेप्पू भागात, १८६५ साली, बासेल मिशनच्या कारखान्यात. गेऑर्ग प्लेब्स्ट हा जर्मन मिशनरी त्याचा प्रवर्तक. नेत्रावतीच्या काठची चिकणमाती त्याने हेरली आणि ती यंत्रात दाबून कौले काढली.

मिशनने हा उद्योग का काढला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. जे लोक ख्रिस्ती होत त्यांना जात टाकी, आणि जातीबरोबर पोटाचा धंदाही जाई. त्यांना काम देणे भाग होते. म्हणजे कित्येक हिंदू घरांवर पाऊस अडवून धरणारे कौल हे जातीबाहेर पडलेल्या माणसांच्या हातचे होते. घरात कोणाला कुठपर्यंत येऊ द्यायचे याचे कडक नियम पाळणारी मंडळी छपराच्या बाबतीत तो विचार करीत बसली नाहीत. पावसापुढे सोवळे चालत नाही!

मंगळुरी कौल गलबतांतून किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरीपर्यंत आणि मुंबईपर्यंत आले. त्याच्या मागे कारखान्याचे नाव ठशाने उमटवलेले असे. पुढे इतर अनेकांनी तशीच कौले काढली, पहिल्या महायुद्धाच्या काळात मिशनचे कारखाने ब्रिटिश सरकारने ताब्यात घेतले, तरी नाव मात्र मंगळुरी हेच राहिले. शाकारणी अगदी थांबली असे नाही, पण सगळे छप्पर उतरवण्याऐवजी फुटके तेवढे कौल बदलून भागू लागले. आता माझ्या प्रश्नाचे उत्तर: कष्ट वाचले ते घरधन्याचे आणि त्याच्या गड्यांचे. आणि रोजी गेली ती कुंभाराची. हे कौल चाकावर होत नाही. त्याला साचा आणि दाबयंत्र लागते. चाकावर पिढ्यान्‌पिढ्या हात बसलेल्या माणसाला एका नव्या खाचेने निकामी केले. प्रगतीच्या हिशेबात ही बाजू सहसा मांडली जात नाही, म्हणून मुद्दाम मांडली.

छपराखालून आता भुईवर येऊ. कारण खरे कष्ट तेथेच होते आणि ते बायकांच्या वाट्याचे होते. मातीची जमीन म्हणजे दर चार-आठ दिवसांनी शेणाने सारवणे आलेच. सणाला सारवणे, पाहुणे येणार म्हणून सारवणे, सुतक फिटले म्हणून सारवणे. पावसाळा संपला की अंगण नव्याने करायचे: माती उकरायची, पाणी शिंपायचे, धुमसाने ठोकायची, चोपण्याने चोपायची आणि मग सारवायची. सारवलेल्या भुईवर बोटांच्या अर्धवर्तुळांची जी नक्षी उमटते तिच्याविषयी आपल्याकडे पुष्कळ गोड लिहिले गेले आहे. ते लिहिणाऱ्यांपैकी कितीजणांनी ओणव्याने चार खण सारवले होते, कोण जाणे. माझ्या आजीने ते जन्मभर केले. म्हातारपणी तिला सरळ उभे राहता येत नसे, आणि शेणाच्या सुवासाचे कौतुक तिच्या तोंडून मी कधी ऐकले नाही.

या भुईवर पहिला तोडगा आला तो आगगाडीने. सोलापूरच्या पुढे रायचूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर शहाबाद हे ठाणे आहे. तेव्हा निजामाच्या राज्यात, आज कर्नाटकात. तेथील चुनखडीचा दगड थरांनी निघतो, त्यामुळे त्याच्या सपाट लाद्या सहज होतात. आगगाडी झाल्यावर ही शहाबादी फरशी गावोगाव पोचली. पण ती पैसेवाल्यांची. गरिबाच्या भुईपर्यंत पोचला तो सिमेंटचा कोबा.

पोर्टलँड सिमेंटचे पेटंट इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याने १८२४ साली घेतले. आपल्याकडे पोरबंदरच्या कारखान्यातून १९१४ साली सिमेंट निघू लागले, आणि १९३६ साली अनेक कंपन्या एकत्र होऊन ए. सी. सी. झाली. तोवर पक्के बांधकाम म्हणजे चुना. दगडी वर्तुळाकार चरात बैलाने जड चाक फिरवायचे आणि त्याखाली चुना नि वाळू मळायची. घाणीवरचा तो चुना गूळ, हिरडा, उडीद घालून तयार करीत. तो टिके शतकानुशतके, यात शंका नाही. पण हवेतला कार्बन वायू शोषीत शोषीत तो पक्का होई, त्याला धीर लागे. सिमेंट पाण्याशी मिसळताच आपल्या कामाला लागते. ज्याच्या घरी बैल नाही, घाणी नाही, वेळ नाही, त्याने एक गोणी आणली की एका खोलीची जमीन होते. चुन्याच्या टिकाऊपणाचे गोडवे गाणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

गोणी आणली की, असे मी सहज लिहिले. पण ती मिळणे सहज नव्हते. दुसऱ्या महायुद्धापासून सिमेंटवर नियंत्रण आले ते स्वातंत्र्यानंतरही पुष्कळ वर्षे राहिले. न्हाणीघर दुरुस्त करायचे तरी परवाना. सिमेंटच्या वाटपाचे प्रकरण आपल्या राज्यात इतके चिघळले, की उच्च न्यायालयाच्या निकालानंतर १९८२ च्या जानेवारीत मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. त्याच फेब्रुवारीत नियंत्रण काही अंशी सैल झाले आणि १९८९ साली ते पूर्ण उठले. आमच्या माजघरात कोबा झाला तो या सैलपणाच्या काळात. तोवर आजीची कमर वाकून चुकली होती. या सगळ्या नव्या वस्तूंत मानाचा पहिला विडा कोणाला द्यायचा असे कोणी विचारले, तर मी तो या करड्या, ओबडधोबड, पुढेमागे तडे जाणाऱ्या कोब्याला देईन.

भिंतींचे थोडक्यात. नवरात्रापासून चुन्यात नीळ कालवून कुंच्याने सफेती करायची, खाली गेरूचा पट्टा काढायचा. आणि दिवाळीभर भिंतीला टेकलेल्या प्रत्येकाच्या पाठीवर ती सफेती पाहून घ्यायची. १९४२ साली, युद्धामुळे परदेशी रंग येईनासे झाले असता, मुंबईत चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली. तिच्यासाठी आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली काढलेला, हाती कुंचला घेतलेला गट्टू ज्यांना आठवतो त्यांना डिस्टेंपरचा काळ निराळा सांगायला नको.

सुताराच्या पेटीची कथा मात्र थोडी थांबून सांगितली पाहिजे. लाकूड जोडायला पूर्वी सरस वापरीत. जनावरांची कातडी आणि हाडे उकळून केलेला हा पदार्थ गरम असेपर्यंतच लागतो. तेव्हा अंगणात चूल, चुलीवर पाणी, पाण्यात सरसाचे भांडे, आणि घरभर अशी दुर्गंधी की सोवळ्यातल्या माणसांनी परसदारी जाऊन बसावे. १९५९ साली फेविकॉल नावाचा पांढरा, थंड सरस बाजारात आला. त्याचे जनक बळवंतराय पारेख हे मूळचे महुव्याचे. कायद्याची पदवी घेऊनही त्यांनी मुंबईत एका लाकडाच्या व्यापाऱ्याकडे शिपायाची नोकरी केली होती. सुताराला काय नको आहे, हे त्यांनी वखारीत उभे राहून पाहिले होते, आणि आपला माल त्यांनी थेट सुतारांपुढे नेला. चूल विझली. सुताराचा तेवढा वेळ वाचला आणि घरच्या माणसांचे नाकही.

भोक पाडण्याचे म्हणाल, तर त्या विद्येत आपण मागे नव्हतो. हडप्पा काळच्या कारागिरांनी लांबट अकीक मण्यांना आरपार पाडलेली भोके आजही थक्क करतात. सुताराचा दोरीने फिरणारा सामता आणि हाताचे गिरमिट ही त्याच घराण्यातली. पण ती लाकडापुरती. भिंतीत खिळा बसवायचा तर छिन्नीने खड्डा पाडायचा, लाकडी गुट्टी ठोकायची आणि गिलावा पडला की वर सिमेंट थापायचे. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमला अशी फुटलेली भिंत नको होती. तेथील काम घेतलेल्या जॉन रॉलिंग्ज याने १९११ साली तागाच्या धाग्यांची बारीक गुट्टी केली. ताग त्या काळी जगाला पुरवीत असे ते आपल्याकडचे बंगाल. पुढे १९५८ साली आर्टुर फिशर या जर्मन गृहस्थाने ती नायलॉनची केली. आज बाजारात मिळते ती तिचीच भावंडे.

आणि विजेचे ड्रिल. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली घोडा, असे ड्रिल करून अमेरिकेतील ब्लॅक आणि डेकर या दोघांनी १९१७ साली त्याचे पेटंट मिळवले. ते कारखान्यासाठी होते. युद्धकाळात कारखान्यातले कामगार ही यंत्रे घरी नेऊ लागले, तेव्हा कंपनीच्या लक्षात आले की घरातही याला गिऱ्हाईक आहे. १९४६ साली घरगुती ड्रिल निघाले आणि १९६१ साली विजेरीवर चालणारे. ते कामगार कोण होते, हेही पाहिले पाहिजे. पुरुष रणांगणावर गेल्यामुळे विमानांच्या कारखान्यांत तेव्हा बायका मोठ्या संख्येने काम करीत होत्या.

आपल्याकडे हे यंत्र घरात आले तरी बहुतेक घरी ते पुरुषांच्या हाती राहिले. झाडू आणि फडके जिथे होते तिथेच. म्हणून गेल्या जूनमधली आमच्या शाळेतली गोष्ट सांगतो. वर्गात नकाशासाठी लाकडी पट्टी बसवायची होती आणि सुतार दोन दिवस येईना. नववीतल्या दोन मुलींनी कार्यानुभवाच्या तासाला विजेरीचे ड्रिल मागून घेतले. एकीने पेन्सिलीने खुणा केल्या, दुसरीने शिडीवर चढून चार भोके पाडली, नायलॉनच्या गुट्ट्या बसवल्या आणि स्क्रू आवळले. एक भोक बोटभर वर गेले, ते तिने पुन्हा पाडले. शिपाईमामा खाली शिडी धरून उभे होते आणि भिंतीची लाल धूळ त्यांच्या टोपीवर पडत होती.