शत्रूसाठी साठवलेलं नव्हतं, पण गेलं त्याच्याच घरी

आज बर्लिनच्या एका कोठाराची गोष्ट ऐकू या. म्हणजे कोठार एक नाही, शहरभर विखुरलेली शेकडो गोदामं.

सुरुवात १९४८ सालची. दुसरं महायुद्ध संपलेलं, पश्चिम बर्लिन अमेरिका-ब्रिटन-फ्रान्सच्या ताब्यात, पण आजूबाजूचा सगळा मुलूख सोव्हिएत रशियाच्या हातात. जूनमध्ये स्टालिनने शहराचे रस्ते, रेल्वे, कालवे बंद केले. वीस लाखांवर माणसं अडकली. मग पश्चिमेकडच्या विमानांनी धान्य, दुधाची पावडर, अगदी कोळसासुद्धा आकाशातून आणला. पावणेतीन लाखांहून जास्त फेऱ्या, सुमारे २३ लाख टन माल! मे १९४९ मध्ये रशियाने नाकेबंदी उठवली.

बर्लिनकरांनी मात्र धडा घेतला. पुन्हा वेढा पडलाच तर सहा महिने पुरेल इतकं सामान भरून ठेवायचं ठरलं. गहू, साखर, डबाबंद मांस, औषधं, कोळसा, टॉयलेट पेपर, सायकलीसुद्धा. जुना होत आलेला माल स्वस्तात विकायचा आणि नवा भरायचा. आपल्याकडे आजी लोणच्याची जुनी बरणी आधी संपवायला लावते ना, अगदी तसंच. फक्त इथे बरणी अख्ख्या शहराची होती. हे चाळीस वर्षं चाललं. वेढा काही पडला नाही.

१९८९ मध्ये भिंत पडली, ऑक्टोबर १९९० मध्ये जर्मनी एक झाला. आता या साठ्याचं करायचं काय?

इकडे सोव्हिएत युनियनमध्ये हिवाळा तोंडावर आला होता आणि दुकानांच्या फळ्या रिकाम्या. मला यातली सगळ्यात विचित्र गोष्ट वाटते ती ही, की त्या वर्षी पीक उत्तम आलं होतं! धान्य होतं, ते ताटापर्यंत पोचत नव्हतं. सरकारी भाव इतका कमी की शेतं माल द्यायला राजी नाहीत. प्रत्येक प्रांत आपलं धान्य आपल्यापाशी दाबून बसलेला. पिकाचा बराच भाग शेतात नाहीतर वाटेत कुजला. आणि उद्या मिळेल की नाही या धास्तीने लोक दिसेल ते विकत घेऊन घरात भरत होते, त्यामुळे फळ्या आणखी लवकर रिकाम्या. मॉस्कोत तर शहराचे रहिवासी असल्याचा पुरावा दाखवल्याशिवाय माल मिळेना. १ डिसेंबर १९९० पासून लेनिनग्राडमध्ये रेशनकार्डं आली. माणशी महिन्याला दीड किलो मांस, दहा अंडी.

लेनिनग्राड हे नाव इथे साधं नाही. १९४१ ते १९४४ जर्मन सैन्याने याच शहराला वेढा घालून लाखो लोकांना उपाशी मारलं होतं. त्यातून वाचलेली माणसं १९९० मध्ये हयात होती. आणि आता जर्मनीतून त्याच शहरात खाण्याची पार्सलं येऊ लागली. सामान्य जर्मन कुटुंबं खोकी भरून पाठवत होती. ते खोकं उघडताना एखाद्या म्हातारीच्या मनात काय आलं असेल? कृतज्ञता, राग, लाज... बहुतेक सगळं एकदमच.

आणि बर्लिनचा साठा? त्यातलं सुमारे ९० हजार टन सामान सोव्हिएत युनियनला मदत म्हणून दिलं गेलं. ज्याच्या भीतीने साठवलं, त्यालाच.

आता जरा हिशोब. सोव्हिएत लोकसंख्या साधारण २९ कोटी. ९० हजार टन म्हणजे माणशी जेमतेम तीनशे ग्रॅम. युरोपीय समुदायाने ७५ कोटी एक्यूंची मदत मंजूर केली, पण त्यातले २५ कोटीच फुकट, उरलेली कर्जाची हमी. अमेरिकेनेही डिसेंबरमध्ये धान्य खरेदीसाठी १ अब्ज डॉलरपर्यंतच्या कर्जाला हमी दिली. मदत तर खरी, पण त्यातून अमेरिकन शेतकऱ्याचाही माल खपत होता, हे विसरायला नको. शिवाय आलेला माल वाटायचा कसा? ज्या व्यवस्थेला स्वतःचे बटाटे शहरात आणता येत नव्हते, तिच्याच हातात हे डबे पडणार होते. मधल्यामधे माल गायब होऊ नये म्हणून गोर्बाचेव्ह यांनी चक्क केजीबीला लक्ष ठेवायला लावलं!

तो हिवाळा निभावला, देश नाही निभावला. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत युनियन संपलं आणि टंचाई मात्र तशीच राहिली. फेब्रुवारी १९९२ मध्ये अमेरिकन लष्करी विमानं आखाती युद्धातून उरलेलं खाणं आणि औषधं घेऊन तिकडच्या शहरांकडे निघाली. ती उडाली फ्रँकफर्टजवळच्या राइन-माइन तळावरून. १९४८ मध्ये बर्लिनसाठी विमानं उडाली होती, त्यातला एक मुख्य तळ हाच.