दिवाली रिडिम

जमैकन निर्माता स्टीव्हन ‘लेंकी’ मार्सडेन याने रचलेला डान्सहॉल संगीतातील वाद्यसाज आणि त्यावर अनेक कलावंतांनी गायलेल्या गीतांचा संग्रह. लंडनच्या ग्रीनस्लीव्ह्ज कंपनीने तो 2002 मध्ये आपल्या ‘रिदम अल्बम’ मालिकेत काढला. नाव भारतीय सणाचे.

जमैकात तालवाद्ये व बेस यांच्या तयार साजाला ‘रिडिम’ म्हणतात. निर्माता आधी तो बांधतो. मग निरनिराळे गायक व डीजे (जमैकात तालावर शब्दफेक करणारा तो डीजे) त्यावर आपापले शब्द आणि चाल चढवतात. अशी गाणी सलग ऐकताना साज तोच राहतो, त्यामुळे प्रत्येकाच्या आवाजाची जात आणि शब्द टाकण्याची लकब स्पष्ट कळते. रूपर्ट ‘रूपी’ एडवर्ड्‌स याचा ‘यामाहा स्कँक’ हा 1970 च्या दशकातील संग्रह या प्रकाराचा आद्य नमुना मानला जातो.

दिवालीचा प्राण म्हणजे टाळ्या. त्या सरळ ठोक्यावर न पडता आडव्या पडतात आणि पाय आपोआप हलू लागतात. याच साजावर वेन वंडरने ‘नो लेटिंग गो’ हे हळवे प्रेमगीत गायले, तर शॉन पॉलने ‘गेट बिझी’ हे थेट नाचाचे गाणे. ‘गेट बिझी’ 2003 मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट 100 यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. न्यूयॉर्कच्या लुमिडीचे ‘नेव्हर लीव्ह यू’ हेही याच टाळ्यांवर उभे आहे.