वंशभेद आणि डॉक्टर-रुग्ण संवाद

रोगनिदान व उपचार यांसाठी डॉक्टर आणि रुग्ण यांच्यात होणारी विचारपूस, रुग्णाचे निवेदन, स्पर्शपरीक्षा व सल्ला यांवर वंशविषयक पूर्वग्रहांचा पडणारा प्रभाव. भारतात वंशभेदाला जातिभेदाची जोड मिळाल्याने या प्रश्नाला दुहेरी स्वरूप आले. महाराष्ट्रात तो प्लेगच्या साथीत तीव्रतेने प्रकट झाला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. १८९७ च्या साथरोग कायद्याने शासनाला व्यापक अधिकार मिळाले. त्यांच्या आधारे पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या प्लेग समितीने मार्च १८९७ मध्ये गोऱ्या सैनिकांकरवी घरझडत्या सुरू केल्या. प्लेगची गाठ जांघेत, काखेत किंवा मानेवर येत असल्याने तपासणीसाठी वस्त्रे दूर करावी लागत. परक्या भाषेच्या, शस्त्रधारी सैनिकांसमक्ष होणाऱ्या या तपासणीस अपमानाचे स्वरूप आले. स्त्रियांच्या तपासणीमुळे तर विशेष क्षोभ माजला. लोकांचे आक्षेप हे अधिकाऱ्यांच्या लेखी अज्ञान होते, तर लोकांच्या लेखी रुग्णालय हे मृत्यूचे द्वार होते. परिणामी कुटुंबे आजारी माणसे लपवू लागली आणि ज्या माहितीवर साथीचे नियंत्रण अवलंबून होते, तीच दडविली गेली. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर हल्ला केला. त्यात झालेल्या जखमांनी ३ जुलै रोजी ते मरण पावले.

याच काळात विश्वासावर आधारलेल्या शुश्रूषेचेही प्रयत्न झाले. लोकमान्य टिळकांनी पुण्यात हिंदू प्लेग रुग्णालय उघडण्यात पुढाकार घेतला. सावित्रीबाई फुले यांनी आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णसेवा केली व तीत प्लेगची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

तथापि, डॉक्टर एतद्देशीय असला म्हणजे अंतर मिटतेच असे नाही. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र १९२९ मध्ये ‘यंग इंडिया’त प्रसिद्ध झाले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते आपल्या लेखनात उद्‌धृत केले आहे. शिक्षकाच्या बाळंतीण पत्नीला डॉक्टरने वस्तीबाहेर आणविले, थर्मामीटर एका मुसलमानाच्या हस्ते पतीकडे व त्याच्याकडून तिच्याकडे दिले आणि स्पर्श न करताच न्यूमोनियाचे निदान केले. ती स्त्री पुढे दगावली.

जागतिक वैद्यक संघटनेच्या १९४८ च्या जिनीव्हा प्रतिज्ञेने वंश हा वैद्यकीय कर्तव्याच्या आड येऊ नये, असे बंधन डॉक्टरांवर घातले. भारतात १९५५ च्या कायद्यान्वये अस्पृश्यतेच्या कारणाने रुग्णालयात प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरला. कायद्याने रुग्णालयाचे दार उघडते. मात्र रुग्णाने आपली व्यथा निःसंकोच सांगावी, यासाठी लागणारा विश्वास डॉक्टरच्या वर्तनातूनच निर्माण व्हावा लागतो.