कर्नल कुठला घालायचा?

जुन्या सर्व्हरवर लिनक्स टाकायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कर्नल कुठला? आणि उत्तर शोधायला निघालं की माणूस थेट इतिहासात जाऊन पोचतो.

मंडळी, कर्नल म्हणजे आपले प्रोग्राम आणि यंत्र यांच्यामधला दिवाणजी. त्याला यंत्राची भाषा यायलाच हवी. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्सने हेलसिंकीत लिनक्स लिहायला घेतलं ते इंटेलच्या ३८६ प्रोसेसरवर. आणि गंमत बघा, डिसेंबर २०१२ मध्ये त्याच ३८६ ला कर्नलमधून निरोप दिला गेला. फेब्रुवारी २०१३ ची ३.८ ही आवृत्ती आली ती त्याच्याविनाच. नंतरच्या प्रोसेसरांना येणाऱ्या काही सूचना ३८६ ला येत नव्हत्या, आणि तेवढ्यापायी जादा कोड सांभाळत बसावं लागत होतं.

सर्व्हरची खरी गोम मात्र मेमरीत. ३२ बिटांत पत्ते मावतात फक्त ४ जीबीचे. १९९५ च्या पेंटियम प्रोने पीएई आणलं. पत्ता ३६ बिटांचा झाला, मर्यादा ६४ जीबीवर गेली. पण ते वापरणारा कर्नल वेगळा घ्यावा लागे. मग २००३ मध्ये एएमडीचा ६४ बिटी ऑप्टेरॉन आला, आणि २००४ पासून इंटेलचे झिऑनही त्याच वाटेने गेले. म्हणजे नुसती 'झिऑन' ही पाटी वाचून काही कळत नाही, साल बघावं लागतं.

ओळखीच्या एका वाचनालयाला असाच जुना झिऑन देणगीत मिळाला होता. मेमरी ८ जीबी, दिसत होती जेमतेम ३. "बिघडलाय, भंगारात देऊ," असं ठरत आलेलं. कुणीतरी त्यावर पीएई नसलेला ३२ बिटी कर्नल घालून ठेवला होता, एवढंच! 'सीपीयूइन्फो' या फाइलमध्ये 'एलएम' ही खूण दिसली, म्हणजे प्रोसेसर ६४ बिटी. योग्य कर्नल घातल्यावर सगळी मेमरी दिसू लागली.

ही खूण नसेल तर वाट अरुंद होत चालली आहे. ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटी पीसीसाठी कर्नलही नाही, इन्स्टॉलरही नाही. कोड सांभाळणारे हात कमी पडले की धडधाकट यंत्रही मागे राहतं.

तेव्हा भंगारवाल्याला हाक मारण्याआधी ती फाइल एकदा उघडून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.