घरगुती सीएनसीची स्टेपर मोटर अडखळते का? करंट, मायक्रोस्टेप आणि वेगाचा मेळ

घरी बनवलेली सीएनसी सुरू केली की बऱ्याचदा दोनपैकी एक गोष्ट होते. एकतर मोटर घरघर करत जागीच थरथरते, नाहीतर सगळं नीट चाललेलं दिसतं आणि अर्ध्या तासाने कोरलेलं अक्षर बाजूला सरकलेलं सापडतं. दुसरा प्रकार जास्त महागात पडतो. साध्या स्टेपर मोटरला आपण कुठे आहोत हे कळतच नाही. कंट्रोलर पल्स पाठवतो आणि मोटर फिरली असं धरून चालतो. स्टेप चुकली तरी यंत्र न थांबता चुकीच्या जागी कोरत राहतं.

सेटिंगला हात लावण्याआधी वीज बंद करून लीडस्क्रू हाताने फिरवून बघावा. तो कुठे जड जात असेल किंवा कपलिंग ढिलं असेल, तर सॉफ्टवेअरमध्ये कितीही आकडे बदलून उपयोग नाही.

मग करंट. कमी दिला तर मोटरचा जोर कमी पडतो, जास्त दिला तर मोटर आणि ड्रायव्हर दोन्ही तापतात. ए४९८८ ड्रायव्हरवर छोटा स्क्रू फिरवून करंट ठरवतात. त्याचं सूत्र बोर्डावरच्या सेन्स रेझिस्टरवर अवलंबून असतं, तो ०.१ ओहमचा असेल तर १ अँपिअरसाठी संदर्भ व्होल्टेज ०.८ व्होल्ट ठेवावं लागतं. मोटरवर २.८ व्होल्ट लिहिलेलं पाहून अनेकजण गोंधळतात. ड्रायव्हर करंट मर्यादित ठेवतो, म्हणून त्याच मोटरला २४ व्होल्टचा पुरवठा चालतो, आणि १२ व्होल्टपेक्षा वाढत्या वेगात जोरही चांगला टिकतो. मात्र वीज चालू असताना मोटरची वायर कधीही काढू नये, ड्रायव्हर जळू शकतो.

आता मायक्रोस्टेप. नेहमीची मोटर एका फेरीत २०० स्टेप घेते. प्रत्येक स्टेपचे १६ भाग केले की ३२०० होतात, हालचाल मऊ होते, आवाज आणि कमी वेगातली थरथर घटते. पण १६ पट अचूकता मिळते हा गैरसमज आहे, कारण एका मायक्रोस्टेपमागे मोटरच्या धरून ठेवण्याच्या ताकदीचा जेमतेम दहावा हिस्सा असतो.

मायक्रोस्टेप वाढवण्याची किंमतही मोजावी लागते. ८ मिलिमीटर लीडच्या स्क्रूला १६ मायक्रोस्टेपवर दर मिलिमीटरला ४०० पल्स लागतात. मिनिटाला ३००० मिलिमीटर वेग हवा असेल तर सेकंदाला २०,००० पल्स झाल्या. ३२ मायक्रोस्टेप केले की ४०,००० होतात. आर्डुइनो उनोवरचं जीआरबीएल साधारण ३०,००० च्या आसपास थकतं. म्हणून अशा यंत्राला १६ पुरेसे.

खरी मेहनत प्रवेगावर करावी, कारण बहुतेक स्टेप चुकतात त्या वेग बदलताना. जीआरबीएलमध्ये एक्स अक्षासाठी $१०० म्हणजे दर मिलिमीटरच्या पल्स, $११० कमाल वेग आणि $१२० प्रवेग. प्रवेग १० ठेवला तर ३००० च्या वेगाला पोहोचायला ५ सेकंद आणि १२५ मिलिमीटर अंतर लागतं. लहान नक्षीत यंत्र त्या वेगाला पोहोचतच नाही! तोच २०० केला की पाव सेकंदात, सव्वासहा मिलिमीटरमध्ये काम होतं.

आधी प्रवेग कमी ठेवून वेग हळूहळू वाढवत न्यावा. मोटर अडखळली की त्या आकड्याच्या पाऊण भागावर यावं. मग प्रवेगाचंही तसंच. कधी एखाद्या ठराविक वेगालाच मोटर कर्कश आवाज करते, तो अनुनाद असतो. तो वेग टाळून पुढे जाता येतं.

तपासण्यासाठी पेन्सिलने खूण करून अक्ष वीसेक वेळा पुढेमागे पळवावा. खुणेवर परत आला नाही तर स्टेप चुकल्या आहेत. मोकळं यंत्र पास झालं तरी हीच परीक्षा लाकूड कापताना पुन्हा घ्यावी, आणि झेड अक्षाचे आकडे वेगळे, कमीच ठेवावेत. त्याला स्पिंडलचं वजन उचलायचं असतं.