क्लोन केलेल्या डिस्कवरून कॉम्प्युटर सुरू होत नाही? जुनी डिस्क इतक्यात पुसू नका

जुना कॉम्प्युटर संथ झाला की सातारा असो वा सांगली, दुकानात एक सल्ला हमखास मिळतो: एसएसडी टाका. विंडोज, हिशेबाचं सॉफ्टवेअर, प्रिंटर असं सगळं नव्याने टाकत बसायला नको, म्हणून जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर घेतात. यालाच क्लोनिंग म्हणतात. सॉफ्टवेअर '१०० टक्के पूर्ण' म्हणतं, नवी डिस्क बसते आणि बटण दाबल्यावर काळ्या स्क्रीनवर दिसतं 'नो बूटेबल डिव्हाइस'.

अशा वेळी फाइल्स बहुतेकदा नव्या डिस्कवर सुखरूप असतात. बिघडलेली असते ती विंडोजपर्यंत पोहोचायची वाट.

असं का होतं?

चालू झाल्यावर कॉम्प्युटर आधी बूट फाइल्स शोधतो. नव्या पद्धतीच्या कॉम्प्युटरमध्ये त्या 'ईएफआय' नावाच्या छोट्या पार्टिशनमध्ये असतात. त्याला सी किंवा डी असं अक्षर नसल्याने ते एरवी दिसत नाही. फक्त सी ड्राइव्ह क्लोन केला, तर हे पार्टिशन मागेच राहतं.

काय तपासायचं?

१. एकच डिस्क ठेवा. कॉम्प्युटर बंद करून जुनी डिस्क काढा. क्लोनमुळे दोन्ही डिस्कचा ओळख क्रमांक सारखा असू शकतो आणि त्यातून गोंधळ होतो.

२. बायोस पाहा. सुरू करताना एफ२ किंवा डिलीट दाबा (कंपनीनुसार बटण बदलतं). डिस्क दिसतच नसेल तर केबल किंवा स्लॉट तपासा. काही एम.२ स्लॉट फक्त साटा, तर काही फक्त एनव्हीएमई डिस्क घेतात. डिस्क दिसत असेल तर बूट ऑर्डरमध्ये 'विंडोज बूट मॅनेजर' किंवा नवी डिस्क सर्वात वर आणा.

३. पद्धत जुळवा. एमबीआर प्रकारच्या डिस्कवरचं विंडोज लेगसी मोडमध्ये सुरू होतं, जीपीटीवरचं यूईएफआय मोडमध्ये. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला यूईएफआय लागतं. त्यामुळे काही जण एसएसडी टाकतानाच मोडही बदलतात आणि अडकतात. आधी जुन्याच मोडवर क्लोन सुरू करून पाहावा, बाकीचे बदल नंतर.

४. बूट फाइल्स दुरुस्त करा. किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज इन्स्टॉलर तयार करा. त्यावरून सुरू करून 'रिपेअर युवर कॉम्प्युटर' आणि पुढे 'स्टार्टअप रिपेअर' निवडा. 'इन्स्टॉल नाऊ' दाबू नका. जमलं नाही तर जाणकाराकडून 'बीसीडीबूट' कमांडने बूट फाइल्स नव्याने तयार करून घ्या. ईएफआय पार्टिशन आलंच नसेल, तर पूर्ण डिस्क पुन्हा क्लोन करणं सोपं.

५. निळी स्क्रीन आली तर? 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असा संदेश आला, तर विंडोज सापडलंय, पण त्याला डिस्क वाचता येत नाही. साटावरून एनव्हीएमईवर जाताना असं घडू शकतं. बायोसमधला एएचसीआय किंवा रेड मोड पूर्वीचाच आहे ना ते पाहा. मग एकदा सेफ मोडमध्ये सुरू करा.

६. बिटलॉकरने किल्ली मागितली तर? ही ४८ अंकी रिकव्हरी की बऱ्याचदा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. ती क्लोनिंगआधीच लिहून ठेवावी.

जुन्या डिस्कचं काय करायचं?

नवी डिस्क काही दिवस बिनतक्रार चालेपर्यंत जुनी फॉरमॅट करू नये, विकू नये. दुरुस्ती फसली तरी तीच लावून काम सुरू करता येतं. मात्र जुनी डिस्क आधीच खराब होत असेल, तर तिच्यावर विसंबता येत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सांगलीच्या बाजारपेठेत पाणी शिरलं होतं. अशा वेळी एकाच दुकानात ठेवलेल्या दोन्ही डिस्क एकदमच भिजतील. म्हणून हिशेबाची एक प्रत दुसऱ्या जागी ठेवावी, आणि तीही क्लोनिंगला हात घालण्याआधी.