विस्तारित गुणधर्म (फाइल प्रणाली)

विस्तारित गुणधर्म म्हणजे फाइलच्या मजकुराला हात न लावता तिच्याशी जोडून ठेवलेली नाव व मूल्य अशा जोडीच्या स्वरूपातील माहिती. वहीच्या वेष्टनावर डकवलेल्या चिठ्ठीशी तिची तुलना करता येईल. लिनक्समध्ये एसईलिनक्सची सुरक्षा-खूण, प्रवेशाधिकारांच्या याद्या आणि सांबा या फाइल-सर्व्हरने जपलेले विंडोजचे अधिकार याच ठिकाणी असतात.

आकाराची मर्यादा

लिनक्सच्या कर्नलने मूल्यासाठी ६५,५३६ बाइट (६४ केबी) आणि नावासाठी २५५ बाइट अशी कमाल मर्यादा घातली आहे. फाइल प्रणाली मात्र याहून कमी जागा देऊ शकते. निवडीचा प्रश्न उद्भवतो तो यामुळेच.

एक्स्ट४ या प्रणालीत एका फाइलचे सर्व गुणधर्म मिळून आयनोडमधील उरलेली जागा व आणखी एक ब्लॉक (बहुधा ४ केबी) एवढ्यातच मावावे लागतात. ही जागा संपली की डिस्क रिकामी असतानाही 'जागा शिल्लक नाही' असा त्रुटिसंदेश येतो व वापरकर्ता नाहक डिस्क साफ करत बसतो. मोठी मूल्ये स्वतंत्र आयनोडमध्ये ठेवण्याची सोय २०१७ साली कर्नल ४.१३ मध्ये आली; ती आपोआप चालू नसते. सेफ या वितरित साठवण प्रणालीच्या जुन्या पद्धतीत एक्स्ट४ वापरल्यास गुणधर्म वेगळ्या डेटाबेसात ठेवण्याची तजवीज करावी लागे.

बीटीआरएफएसमध्ये मूल्य एका मेटाडेटा-नोडमध्ये मावावे लागते. नोडचा नेहमीचा आकार १६ केबी आहे. एक्सएफएस पूर्ण ६४ केबी देते. मोठ्या गुणधर्मांसाठी लिनक्सवर तीच सर्वांत सरळ निवड होय. चार-दोन लहान नोंदींसाठी मात्र एक्स्ट४ पुरेशी आहे.

देवनागरी मजकूर

युटीएफ-८ संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि काना, मात्रा, अनुस्वार ही स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. 'शाळा' हा दोन अक्षरी शब्द त्यामुळे १२ बाइटांचा होतो. ४,०९६ बाइटांत फार तर १,३६५ चिन्हे बसतात. मराठी टिपणे गुणधर्मांत ठेवणाऱ्याने हा हिशेब आधीच करावा.

प्रत काढताना

लिनक्सवरील सीपी, टार व आरसिंक या आज्ञांना गुणधर्म जपण्याचा पर्याय स्पष्टपणे द्यावा लागतो. अन्यथा ते कोणतीही सूचना न देता गळतात. पेनड्राइव्हवर सर्रास आढळणारी एक्सफॅट प्रणाली लिनक्सवर हे गुणधर्म साठवतच नाही. एक्सएफएसवरील २० केबींचे मूल्य साध्या एक्स्ट४ वर उतरवता येत नाही, म्हणून राखीव प्रतीची डिस्कही मूळ डिस्कइतकीच पारखून घ्यावी लागते.